उलाळ

बैलगाडी हाकणाऱ्या माणसास उलाळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. साटीत मागच्या अंगास भार अधिक झाला की पुढे जू वर उचलले जाते, जोत्यांनी बैलांचे गळे आवळतात, आणि चढणीवर तर गाडी मागच्या मागे उलथते की काय अशी धास्ती वाटते. अशा गाडीस उलाळ झाली म्हणतात. उलट पुढच्या अंगास भार फार झाला तर जू मानेत रुतते आणि दोन दिवसांत बैलांचे खांदे सुजतात. आमचे वडील खानापूरच्या बाजारास भाताची पोती नेत, तेव्हा शेवटचे पोते चढविल्यावर आणि बैल जुंपण्यापूर्वी ते दोन्ही हातांनी जू उचलून पाहत. हातास थोडे जड लागले तर ठीक. हलके लागले तर एक पोते पुढे सरकवीत, फारच जड लागले तर मागे. ही परीक्षा आम्ही लहानपणी शेकडो वेळा पाहिली. आणि तरीही, सातासमुद्रापलीकडील एका हमरस्त्यावर, ज्या क्षणी ती उपयोगी पडावयाची त्या क्षणी आम्ही ती विसरलो. विसरलो असे म्हणणेही खरे नव्हे. आठवली, आणि आम्ही बोललो नाही. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहे, की परदेशच्या कहाण्या सांगण्याची आम्हांस फारशी हौस नाही. तिकडे दोन महिने राहून आलेला मनुष्य इकडे प्रत्येक गोष्टीस नाक मुरडू लागतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. पण ही कहाणी गाडीची आहे, आणि ओझ्याचे गणित सर्व देशांत एकच असते.

आमचा पुतण्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या उत्तरेस एका उपनगरात राहतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलो होतो. त्या मुलखात हिवाळा सहा महिने माणसास घरात कोंडून ठेवतो; म्हणून उन्हाळा लागला की कुटुंबेच्या कुटुंबे आपले बिऱ्हाड गाडीच्या पाठीशी बांधून तळ्याकाठी नाहीतर रानात मुक्कामास निघतात. पुतण्यानेही एक जुना तंबू-ट्रेलर विकत घेतला होता. बंद असता तो दोन चाकांवर ठेवलेल्या मोठ्या पेटाऱ्यासारखा दिसतो. मुक्कामावर पोहोचून एक दांडा फिरवीत राहिले की छप्पर वर चढते, दोन्ही टोकांनी बिछाने बाहेर सरकतात, भोवती कापडाच्या भिंती उभ्या राहतात, आणि आत शेगडी, मोरी व चारसहा माणसांची निजण्याची सोय निघते. हॉटेलचे भाडे वाचते आणि मुलांस रानाची हवा मिळते, हा त्यामागील विचार. विचारात काही खोट नव्हती.

ट्रेलर ओढावयाची गाडी मात्र घरची मिनीव्हॅन होती. हे वाहन मुळात कुटुंबासाठीच जन्मास आले. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या नावांनी ते अमेरिकेत आणले, आणि पाहता पाहता घरोघर झाले. त्याचे इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा पोटाखाली लागत नाही, आणि गाडीचा तळ पुष्कळ खाली घेता येतो. म्हाताऱ्या माणसास पायरी चढल्यासारखे आत जाता येते, लेकरास उचलून बसविण्याची यातायात नाही. आमच्या मंडळींच्या गुडघ्यांनी तर त्या गाडीस मनापासून दुवा दिला. पण तळ खाली घेतला म्हणजे तो रस्त्याजवळ आला. रिकाम्या मिनीव्हॅनचे पोट रस्त्यापासून जेमतेम १५-१६ सेंटिमीटर असते, म्हणजे पुरती एक वीतही नाही. त्यातून ट्रेलर जोडण्यासाठी लोखंडाची जी आडवी चौकट मागे बसवितात, ती बंपरच्याही खाली लोंबते. सात माणसे बसली, मागे सामान भरले, आणि त्यावर ट्रेलरचे नाक ठेवले, की ही गाडी गाभण म्हशीसारखी मागे बसते.

आता आकडे सांगतो. ते कंटाळवाणे वाटले तरी सोडू नयेत, कारण सारी गोम त्यांतच आहे. पुष्कळ मिनीव्हॅनना त्यांच्या कंपन्या ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो वजनाचा ट्रेलर ओढण्याची मुभा देतात. आमच्या पुतण्याचा ट्रेलर सामानासह १,१३० किलो भरला. साडेचारशे किलोंची मोकळीक आहे असे त्यास वाटले, आणि आम्हांसही वाटले.

परंतु ओढणे निराळे आणि वाहणे निराळे. दोन चाकांचा ट्रेलर आपले सर्व वजन आपल्या चाकांवर घेत नाही. बैलगाडीचे जू जसे मानेवर टेकते, तसा ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर टेकतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असा तेथील नियम आहे. पुतण्याच्या ट्रेलरचा तो १३० किलो होता. साडेअकरा टक्के, अगदी योग्य. पण हे १३० किलो आता मिनीव्हॅनने वाहावयाचे. तिने किती वाहावे हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका चिठ्ठीत छापलेले असते: माणसे आणि सामान मिळून इतके, याहून अधिक नाही. या गाडीच्या चिठ्ठीवर तो आकडा सुमारे ५२० किलोंचा होता. पुतण्या, सूनबाई, आम्ही उभयतां आणि दोन मुले मिळून ३३० किलो. ट्रेलरच्या नाकाचे १३०. जोडाच्या लोखंडाचे १८. झाले ४७८. उरले ४२ किलो, आणि पाठीमागे भरले होते ९० किलोंचे सामान. बर्फाची पेटी, कपड्यांच्या पिशव्या, प्रेशर कुकर, तांदूळ, डाळ, लोणच्याच्या बरण्या. चार दिवसांच्या रानातील मुक्कामास पाटा-वरवंटा तेवढा घ्यावयाचा राहिला होता, असे आम्ही म्हणालो, आणि सूनबाई हसल्या.

दुसरी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. ट्रेलरचा गोळा गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे हातभर असतो. तेथे ठेवलेले १३० किलो मागच्या आसावर १३० पडत नाहीत. तरफेच्या नियमाने पावणेदोनशेच्या आसपास पडतात, आणि जे जास्तीचे पडतात ते पुढच्या चाकांवरून उचलले जातात. आपल्या बेळगाव भागात उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढणीवर जमीन सोडताना कोणी पाहिली नाहीत? मिनीव्हॅनची चाके जमीन सोडीत नाहीत हे खरे. पण तिला ओढणारी आणि वळविणारी दोन्ही कामे पुढच्याच चाकांची आहेत, आणि तीच हलकी होतात.

शनिवारी सकाळी निघालो. घराच्या दारातून रस्त्यावर उतरताना मध्ये पाणी वाहून जाण्यासाठी एक उथळ पन्हळ होती. पुढची चाके पन्हळीत उतरून वर चढली, मागची उतरली, आणि खालून असा एक आवाज आला की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. जोडाची चौकट सिमेंटवर घासली होती. पुतण्याने उतरून पाहिले. मोडले काही नव्हते, पण सिमेंटवर पांढरी रेघ उठली होती, आणि ट्रेलर सुटल्यास धरून ठेवण्याच्या ज्या दोन साखळ्या असतात त्यांपैकी एक खाली लोंबून जमिनीस टेकत होती. या साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन अडकवितात, म्हणजे दांडा निसटला तर तो त्यांच्या झोळीत पडतो. त्या सैल सोडल्या की रस्त्यावर ठिणग्या पाडीत जातात, आणि उन्हाळ्यात वाळल्या गवताच्या मुलखात ती ठिणगी महाग पडते. पुतण्याने साखळी पीळ देऊन वर घेतली.

मग त्याने चौकटीखाली हात घालून अंतर पाहिले. चार बोटे. “काका, हे काही खरे नाही,” तो म्हणाला. “रस्त्यात पेट्रोल भरावयास वळलो तरी घासेल.”

उपाय त्यानेच काढला, आणि तो दिसण्यास फार शहाणपणाचा होता. ट्रेलरच्या मागच्या टोकास सायकली ठेवण्यासाठी लोखंडी फळी होती, ती रिकामीच होती. व्हॅनच्या पाठीतून ५० किलो आणि ट्रेलरच्या पुढच्या पेटीतून ३५ किलो सामान काढून त्याने त्या फळीवर रचले व दोरखंडाने आवळले. पाहता पाहता व्हॅनची शेपूट वर आली. चार बोटांची वीत झाली. चिठ्ठीचा हिशेबही जमला, कारण पाठीतील सामान कमी झाले आणि नाकाचा भारही. मुलांनी टाळ्या पिटल्या. सूनबाई म्हणाल्या, “बघा, उगीच घाबरत होतो.”

आम्ही त्या वेळी दांड्याजवळ उभे होतो. जोड अजून पुरता बसला नव्हता आणि पुतण्या दांडा गोळ्यावर नेण्यासाठी उचलीत होता. मघाशी त्यास दोन्ही हातांनी आणि मांडीचा टेकू देऊनही तो हलला नव्हता, खालचा जॅक फिरवावा लागला होता. आता तो थोडा वाकून दांडा उचलता झाला. वडिलांचे जू आमच्या डोळ्यांपुढे आले. शब्दही आला. उलाळ. पण ही अमेरिकेची गाडी, हा इंजिनियर पोर, आणि आपण येथे पाहुणे. बैलगाडीचे ज्ञान येथे कोणास हवे आहे, असे मनात येऊन आम्ही गप्प राहिलो. वयाने वडील असलेल्या माणसाने संकोचाने गप्प बसणे हा काही विनय नव्हे. पण हे शहाणपण आम्हांस त्यानंतर दोन तासांनी आले.

रस्ता होता पस्तिसावा इंटरस्टेट. मिनियापोलिसपासून उत्तरेस सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथ शहरापर्यंत तो सुमारे २५० किलोमीटर जातो. शहर सुटले की दोन्ही अंगांस शेते, पुढे पाइनची झाडी. गावाबाहेर या रस्त्यावर ताशी ७० मैलांची, म्हणजे ११२ किलोमीटरची मुभा आहे, आणि सर्व जग त्याच वेगाने जाते. ट्रेलरमागे इतके धावू नये हे पुतण्यास ठाऊक होते. ट्रेलरची चाके ज्या टायरांवर चालतात त्यांतील पुष्कळांची मर्यादाच ६५ मैलांची असते. त्याने आपला काटा साठावर ठेवला होता. आम्ही उभयतां सर्वांत मागच्या बाकावर, मुले मधल्या आसनांवर.

हिंक्ली गाव जवळ आले तेव्हा वारा डावीकडून होता आणि रस्ता किंचित उताराचा. पाठीमागून एक लांबलचक मालट्रक आला आणि आमच्या बाजूने पुढे निघाला. मोठी गाडी शेजारून जाताना तिच्या नाकाने लोटलेली हवा आधी लहान गाडीस बाहेर ढकलते, मग तीच आत ओढते. ट्रक निम्मा पुढे गेला असेल, एवढ्यात आमच्या पाठीस एक हलकासा धक्का बसला, कोणी गाडीच्या शेपटीस धरून बाजूस ओढावे तसा. मग दुसऱ्या बाजूस. मग पुन्हा पहिल्या बाजूस, आता जोराने. मागल्या काचेतून पाहिले तो ट्रेलर मागे सरळ नव्हता; कधी डाव्या काचेत दिसे, कधी उजव्या. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. आमच्या मंडळींनी हातातील जपमाळ घट्ट धरली. धाकटे पोर हसत होते. त्यास तो पाळणा वाटला.

येथे पुतण्याने जे केले त्यामुळेच आज आम्ही हे लिहीत आहोत. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात झोक्याच्या उलट चाक फिरवू लागतात. दोन्ही घातक. गाडी एकदम थांबू लागली की मागचा ट्रेलर तिला ढकलून आडवी करतो, आणि चाकाशी झुंजल्याने झोके वाढतात. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ ओढून घ्यावा’ असे सांगणारेही भेटतात. त्यांचे ऐकू नये. पुतण्याने पाय फक्त पेट्रोलवरून उचलला, चाक सरळ धरून ठेवले, आणि डाव्या गुडघ्याजवळ बसविलेल्या एका लहानशा पेटीवरील कळ हाताने सरकविली. त्या ट्रेलरला विजेचे स्वतंत्र ब्रेक होते, आणि त्या कळीने गाडीचे नव्हे तर एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. मिनेसोटात ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलोंपासून पुढच्या ट्रेलरला ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे. हा त्याहून हलका होता. ब्रेक नसता तरी कायदा काही म्हणाला नसता. पण ते होते. ट्रेलर मागून खेचला गेला, दोरी ताणावी तसा सरळ झाला, झोके लहान होत होत थांबले. वेग चाळीसवर आला तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेस होतो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुतण्या म्हणाला, “टायर बसले असतील.” टायर ठीक होते. तेव्हा आम्ही सांगितले. जू, पोती, वडिलांचे हात, सर्व सांगितले, आणि सकाळीच आठवले होते हेही सांगितले. त्याने आमच्याकडे पाहिले. रागावला असता तर बरे वाटले असते. “काका, तुम्ही तेथेच का बोलला नाहीत?” एवढेच तो म्हणाला. या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मागल्या आसनावर दोन मुले होती.

हळूहळू चालवीत हिंक्लीत उतरलो. हे लहानसे गाव १ सप्टेंबर १८९४ रोजी वणव्यात सापडून जळून गेले होते आणि त्या एका दुपारी त्या परिसरात चारशेहून अधिक माणसे मेली. गावात त्याचे एक संग्रहालय आहे. ते पाहण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. पुतण्याने साखळ्या मात्र पुन्हा एकदा वाकून पाहिल्या.

एका दुकानातून न्हाणीघरात ठेवतात तो साधा वजनकाटा आणि एक फळी विकत घेतली. ट्रेलरच्या नाकाचा भार एवढ्याशा काट्यावर कसा मोजावा याची तेथे एक युक्ती आहे, ती आपल्याकडेही कोणास उपयोगी पडेल. फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवावे. विटेपासून फळीच्या तिसऱ्या हिश्शावर दांडा टेकवावा. म्हणजे दोन हिस्से भार वीट घेते, एक हिस्सा काटा दाखवितो. काट्याचा आकडा तिप्पट केला की झाले. काटा १९ वर थांबला. सत्तावन्न किलो. ट्रेलर एव्हाना १,१८० किलोंचा झाला होता. त्याचे पाच टक्केही नाहीत. सकाळी वडिलांनी जू उचलून पाहिले असते तर त्यांस काट्याची गरज पडली नसती.

दुकानाच्या आवारात सगळा ट्रेलर रिकामा केला. मागची फळी मोकळी केली ती कायमची. जड सामान ट्रेलरच्या आत, तळावर, नेमके चाकांच्या वर आणि किंचित पुढे ठेवले. ट्रेलरच्या टाकीत घरून वीस गॅलन पाणी भरून आणले होते; तिकडील गॅलन पावणेचार लिटरचा, म्हणजे ७५ किलो पाणी, आणि टाकी चाकांच्या मागे. मुक्कामाच्या जागी नळ असतो हे ठाऊक असूनही आपण घरचे पाणी का नेतो, याचे कोडे आम्हांस अजून उलगडलेले नाही. ते सोडून दिले. पुन्हा मोजले: काटा ४० दाखवू लागला, म्हणजे नाकावर १२०. आता ट्रेलर शहाणा झाला. पण मिनीव्हॅनची शेपूट सकाळी जशी बसली होती तशी पुन्हा बसली.

म्हणजे पुन्हा त्याच जागी. शेपूट वर हवी तर नाक हलके करावे लागते, आणि नाक हलके केले की ट्रेलर मागे झुलतो. बुटक्या गाडीने ट्रेलर ओढणाऱ्याची खरी कोंडी ती हीच, आणि तिच्यातून सुटण्याची वाट ट्रेलरमध्ये नसून गाडीत असते. स्प्रिंगांच्या पोटात बसविण्याच्या रबरी हवेच्या पिशव्या मिळतात. त्यांनी शेपूट उचलली जाते, परंतु दाराच्या चिठ्ठीवरील आकडा त्यांनी एक किलोही वाढत नाही, हे विसरणारे पुष्कळ. गोळ्याचा दांडा उंच घातला तर ट्रेलर समतल चालतो, पण खाली लोंबणारी चौकट आहे तेथेच राहते. काही गाड्यांना भार पुढच्या चाकांवर वाटून देणारा स्प्रिंगांचा जोड चालतो, काहींना त्यांच्या कंपन्या तो वर्ज्य सांगतात, पुस्तिका वाचावी. हे सर्व घरी करावयाचे उपाय. रस्त्यावर एकच उपाय हाती असतो: गाडीतून काहीतरी काढणे, निदान पुढे सरकविणे.

आम्ही उभयतां मिळून १३० किलो, सर्वांत मागच्या बाकावर, मागच्या चाकांच्या डोक्यावर. दोन्ही मुले मिळून ५८. आम्ही मधल्या आसनांवर आलो आणि मुले मागे गेली. मागे जाण्याचा त्यांस एवढा आनंद झाला की धाकट्याने पुढे ट्रेलरमध्येच बसून यावयाचा हट्ट धरला. मागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये माणसे बसविण्यास पुष्कळ राज्यांत बंदी आहे, आणि तासापूर्वीचे झोके आठवता ती का आहे हे कोणास सांगावे लागले नाही. चौकटीखाली दोन बोटे जागा वाढली. पाहुण्याने आपले वजन ओळखून वागावे असे म्हणतात. आम्हांस ते काट्यावर कळले.

पुढचा प्रवास पंचावन्न मैलांच्या वेगाने. डुलुथच्या अलीकडे थॉमसन टेकडी लागते. माथ्यावरून एकदम सरोवर दिसते, इतके मोठे की पलीकडचा काठ नाही, आणि रस्ता तेथून शहरात लांब उतरत जातो. हा उतार पुतण्याने खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच आवळणीवर उतरविला. ब्रेक दाबून धरला नाही, मधून मधून लावून सोडला. उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरीत नाही. डुलुथपासून एकसष्टावा रस्ता सरोवराच्या काठाने ईशान्येस जातो. सिल्व्हर क्रीकच्या कड्यातील १९९४ साली उघडलेला बोगदा ओलांडून गूजबेरी धबधब्याच्या उद्यानात मुक्काम केला. आत वळताना पुतण्या थांबला, सर्वांस खाली उतरविले, रिकामी गाडी तिरकी घालून एकेक चाक उंचवट्यावरून नेले, आणि मग आम्ही मागून चालत गेलो. घासले नाही. चार दिवस फार सुखाचे गेले. त्यांविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. स्प्लिट रॉकचे दीपगृह पाहिले, १९१० सालचे. सूनबाईंनी नेलेल्या तांदळांपैकी निम्मे परत आणले.

परतीच्या आदल्या रात्री आम्ही सांगून टाकले, की डुलुथहून आम्ही उभयतां बसने येऊ. थॉमसन टेकडी आता चढावयाची होती. पुतण्या ऐकेना. “काका, तुम्हांला बसमध्ये बसवून मी ट्रेलर ओढीत जाऊ? गावाकडे कळले तर लोक काय म्हणतील?” आम्ही म्हणालो, लोक काय म्हणतील याचा विचार मागल्या शनिवारी सकाळी आम्ही केला होता, तेवढा पुरे. सूनबाईंनी डोळे पुसले, पण त्या गृहिणी. १३० किलोंचा हिशेब त्यांस नवऱ्याआधी पटला.

बस तासाभराने निघाली. टेकडीच्या चढावर उजव्या पट्ट्यात पुढे एक निळी मिनीव्हॅन आणि तिच्यामागे पांढरा पेटारा सावकाश चढताना दिसला. बस बाजूने पुढे निघाली तेव्हा आम्ही काचेस कपाळ लावून पाहिले. मोठी गाडी शेजारून जात होती, वाराही होता. ट्रेलर जागचा हलला नाही. नाक किंचित खाली ठेवून तो मागे सरळ चालला होता, आणि व्हॅनच्या शेपटीखालून पलीकडचे गवत दिसत होते. मुले मागल्या बाकावर झोपली होती. आमच्या मंडळींनी तरीही हात हलविला.